थापी कधी लावायची नाही: बेळगावातल्या एका शिकाऊ फिनिशरचं प्रकरण

खानापूर तालुक्यातल्या जांबोटी भागातला एक वीस वर्षांचा मुलगा. मराठी माध्यमातून बारावीपर्यंत शिकला, पुढचं शिक्षण सुटलं. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात, मामाच्या ओळखीने काँक्रीटचे फ्लोअर करणाऱ्या टोळीत हेल्पर म्हणून लागला. फेब्रुवारीत बेळगावजवळच्या मच्छे औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडच्या फ्लोअरची पावडर सुटायला लागली आणि ठपका त्याच्यावर आला, कारण तिथे कडेची शेवटची थापी (फ्लोअर घासून गुळगुळीत करायचं पोलादी अवजार) त्याच्या हातची होती. ठेकेदार त्याची हजेरी, म्हणजे रोजची मजुरी, कापायच्या बेतात होता. नेमका तेव्हाच गोव्यातून चुलतभावाचा फोन आला, की इकडे ये, हजेरी जास्त मिळते.

शेडच्या मालकाने फ्लोअर तपासायला मला बोलावलं, म्हणून हे प्रकरण जवळून बघायला मिळालं. या धंद्यात पहिलं वर्ष कसं जातं आणि कशामुळे वाया जाऊ शकतं, ते यात स्पष्ट दिसतं. म्हणून ते सविस्तर मांडतो.

आधी या कामाबद्दल थोडं. बेळगावच्या आसपास काँक्रीट फिनिशरला, म्हणजे ओतलेल्या काँक्रीटचा वरचा थर सपाट आणि गुळगुळीत करणाऱ्याला, काम कमी नाही. उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या फाउंड्री आणि मशीनशॉपच्या शेड आहेत, सीमेपलीकडे महाराष्ट्रात कागलची पंचतारांकित एमआयडीसी आणि चंदगड तालुक्यातलं हलकर्णी आहे. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावचं नाव आलं, तेव्हापासून शहरात काँक्रीटचे रस्तेही झाले. पण आपल्याकडे 'फिनिशर' म्हणून कुणी धंद्याला लागत नाही. पोरगं बिगारी म्हणून येतं, बुट्टी उचलतं, पाणी मारतं, आणि एखाद दिवशी माणूस कमी पडला की कुणीतरी त्याच्या हातात थापी देतं. शिकवणं म्हणून वेगळं काही होत नाही. मिस्त्रीच्या शेजारी उभं राहून जेवढं डोळ्यांनी टिपलं तेवढंच शिक्षण.

या मुलाचा मिस्त्री जुना, हाताचा पक्का आणि बोलायला कमी. टोळीतले सगळे त्याला मिस्त्रीच म्हणतात, हा मुलगा मात्र मामाचा मित्र म्हणून 'काका' म्हणतो. पहिल्या आठवड्यात मुलगा कडेचा माल सारखा करायला ओल्या काँक्रीटमध्ये गुडघे टेकून बसला. कापडी पँट भिजली, संध्याकाळपर्यंत काही वाटलं नाही, रात्री गुडघ्यांची आग सुरू झाली आणि सकाळी कातडी सोललेली. ओल्या सिमेंटचा क्षार इतका तीव्र असतो की कातडी भाजते, आणि भाजताना ते कळत नाही. त्यानंतर मिस्त्रीने त्याला गमबूट, रबरी हातमोजे आणि गुडघ्याखाली घ्यायला फळी दिली, आणि अंगावर माल उडाला की लगेच धुवायची सवय लावली. सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला ही माहिती पहिल्या दिवशी, कामाला हात लावण्याआधी मिळायला हवी. जखम झाल्यावर ती मिळून काय उपयोग?

आता त्या फ्लोअरकडे येऊ.

शेडमध्ये १५० मिलिमीटर जाडीचं फ्लोअर होतं, खाली प्लास्टिकचा कागद, वर रेडीमिक्स, म्हणजे गाडीतून तयार येणारं काँक्रीट. काम ट्रिमिक्स पद्धतीने ठरलेलं. म्हणजे लोखंडी चॅनेल लावून आड-आड पट्टे भरायचे, व्हायब्रेटरच्या बीमने माल सपाट करायचा, मग वर चटई अंथरून व्हॅक्यूम पंपाने जादा पाणी ओढून घ्यायचं. त्यानंतर आधी तव्याचं आणि मग पात्यांचं मशीन फिरवायचं. या पद्धतीत मालातलं पंधरा-वीस टक्के पाणी निघून जातं, म्हणून वरचा थर घट्ट येतो आणि मशीनही लवकर चढवता येतं.

डिसेंबरातल्या त्या दिवशी मिस्त्री हलकर्णीच्या कामावर होता आणि व्हॅक्यूम पंपही तिकडेच गेला होता. मच्छेत टोळीतला दुसरा माणूस प्रमुख. सकाळी दहाला यायची रेडीमिक्सची गाडी दुपारी अडीचला आली. पंप नाही, तरी गाडी परत कशी पाठवायची म्हणून माल ओतला. साडेचारपर्यंत पट्टी मारून, म्हणजे माल सपाट करून, झाला. खाली प्लास्टिक असल्याने पाणी खाली मुरायला वाट नव्हती, सगळं वर येत होतं. बेळगावात डिसेंबरच्या संध्याकाळी गारवा लवकर उतरतो आणि मालात फ्लाय अ‍ॅश (कोळशाची बारीक राख) असेल तर गारव्यात सेटिंग आणखी रेंगाळतं. सहा वाजले तरी आतल्या, भिंतीकडच्या पट्ट्यांवर पाण्याची चकाकी होती.

सहाला हजेरी संपते. टोळीतले दोघं लांबच्या गावचे, त्यांची शेवटची बस चुकणार होती. ओव्हरटाइम कोण देणार हे ठरलेलं नव्हतं. तेव्हा त्या प्रमुखाने जे केलं ते अनेक साइटवर होतं. कोरडं सिमेंट वरून भुरभुरलं, पाणी त्यात शोषून घेतलं आणि मशीन चढवलं. जिथे मशीन पोचत नाही तिथे, भिंतीच्या आणि खांबांच्या कडेला, या मुलाला पोलादी थापी देऊन घासायला लावलं. मुलगा म्हणाला होता, "दादा, पाणी अजून वर यायलंय." उत्तर आलं, "सिमेंट पितंय पाणी. तू घास."

दुसऱ्या दिवशी फ्लोअर आरशासारखं दिसत होतं. मालकाने फोटो काढले.

दोन महिन्यांनी शेडमध्ये हातगाड्या फिरायला लागल्या आणि पांढरट पिठी दिसू लागली. झाडून काढली की परत. मी गेलो तेव्हा खिशातलं नाणं जमिनीवर दाबून ओढलं. आतल्या पट्ट्यांवर खोल पांढरी रेघ उठली आणि बोटाला पीठ लागलं, शेडच्या दाराच्या शटरजवळच्या पट्ट्यांवर नाणं नुसतं घसरलं. आतल्या भागात केसाएवढ्या चिरांचं जाळंही होतं, फ्लोअर ओलं करून पुसल्यावर ते उठून दिसलं.

ठेकेदाराचं म्हणणं असं होतं की क्युरिंग, म्हणजे नंतर पाणी देऊन काँक्रीट ओलं ठेवणं, नीट झालं नाही, आणि क्युरिंग या पोराकडे होतं. शिवाय कडेची थापीही याचीच. ऐकायला पटणारं होतं, पण फ्लोअरवरची खूण तसं सांगत नव्हती. क्युरिंग कमी पडलं असतं तर शटरजवळचा भाग आधी खराब झाला असता, कारण वारा तिथे येतो आणि ऊनही तिथेच. इथे नेमका तोच भाग घट्ट होता. मुलाने पाणी साचवायला आळी बांधून आणि गोणपाट ओलं ठेवून दोन आठवडे पाणी दिलं होतं. काँक्रीटच्या आयएस ४५६ या भारतीय मानकात साध्या (ओपीसी) सिमेंटला किमान ७ दिवस आणि फ्लाय अ‍ॅश वगैरे मिसळलेल्या सिमेंटला किमान १० दिवस क्युरिंग सांगितलं आहे, ते १४ पर्यंत वाढवावं अशी शिफारस आहे. या पोराने शिफारशीइतकं केलं होतं. बाजूच्या खोलीत राहणाऱ्या वॉचमननेही तेच सांगितलं.

शिवाय खराबी फक्त कडेला नव्हती, मशीन फिरलेल्या मधल्या भागातही तेवढीच होती. म्हणजे हाताच्या थापीचा प्रश्न नव्हता. जिथे पाणी उशिरापर्यंत वर राहिलं, तिथे तिथे पावडर होती.

यामागचं कारण समजून घ्यायला हवं, कारण फिनिशरच्या धंद्याचं मर्म तिथेच आहे. काँक्रीट ओतल्यावर खडी आणि वाळू खाली बसते आणि पाणी वर येतं. हे पाणी उडून जायच्या किंवा काढून घ्यायच्या आत घासलं, तर ते वरच्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये परत मिसळतं. तेवढ्या थरात पाण्याचं प्रमाण बेसुमार होतं. खाली एम-२५ ताकदीचं काँक्रीट असू दे नाहीतर एम-३०, वरचा थर कमकुवतच राहतो. कोरडं सिमेंट टाकलं की पाणी गेल्यासारखं दिसतं, प्रत्यक्षात ते तिथेच राहतं आणि वर नुसत्या सिमेंटचा पातळ पापुद्रा तयार होतो. खडी-वाळूचा आधार नसलेला तो पापुद्रा सुकताना आकसतो आणि त्यालाच बारीक चिरा पडतात. दुसऱ्या दिवशीची चकाकी या पापुद्र्याचीच असते. म्हणूनच फ्लोअर दुसऱ्या दिवशी कसं दिसतं यावरून फिनिशरची किंमत करू नये, असं माझं ठाम मत आहे.

एवढं असूनही ठेकेदार ऐकत नव्हता. निर्णय लागला तो मुलाच्या मोबाइलमुळे. तो कामाचे फोटो बहिणीला पाठवायचा. त्या दिवशीचे फोटो त्यात होते, वेळेसकट. पाच पन्नासच्या फोटोत भिंतीकडचा पट्टा लख्ख ओला, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडावं इतका. सहा वाजून दहा मिनिटांच्या फोटोत त्याच पट्ट्यावर मशीन आणि बाजूला फोडलेलं सिमेंटचं पोतं. ठेकेदाराने फोटो दोनदा पाहिले आणि हजेरी कापायचा विषय सोडला. दुरुस्तीचा खर्च त्याने स्वतः उचलला, याचं श्रेय त्याला द्यायला हवं.

दुरुस्ती म्हणजे डायमंडच्या चकत्या लावलेल्या मशीनने कमकुवत थर घासून काढला, फ्लोअर धुऊन सुकू दिलं आणि वर सिलिकेटचं द्रावण दिलं. काँक्रीटमधल्या मोकळ्या चुन्याशी त्याची क्रिया होऊन पृष्ठभाग घट्ट होतो. पिठी थांबली. पण घासल्यावर जागोजागी खडी उघडी पडली, आणि पहिल्यांदाच नीट केलेल्या फ्लोअरचा एकसारखा रंग आता तिथे कधीच येणार नाही.

हलकर्णीहून परतल्यावर मिस्त्रीने मुलाला काय सांगितलं, ते मी ऐकलं. रागावला नाही. पुढच्या कामावर, होनग्याला, माल ओतून झाल्यावर त्याला शेजारी बसवून घेतलं. तासभर दोघं नुसते बसून होते. मुलगा मध्येच उठून रंधा (माल सपाट करायचं हातातलं अवजार) घ्यायला गेला तर मिस्त्री म्हणाला, "घाई कशाला करूलास? बस की. चकाकी जाऊ दे आधी." मग थोड्या वेळाने त्याने कडेला बुटाचा पाय अलगद टेकवला आणि उचलला. ठसा बोटाच्या अर्ध्या पेराएवढा खोल. "न्हाई अजून." अर्ध्या तासाने परत ठसा. आता पाच-सहा मिलिमीटर, आणि ठशात पाणी जमलं नाही. "आता तवा चढव. पाती अजून न्हाई. पात्यांना ठसा दिसतोय न दिसतोय एवढाच पायजे."

त्याने मुलाला आणखी एक गोष्ट दाखवली, ती मला फार मोलाची वाटली. एकाच पट्ट्यात सगळीकडे वेळ सारखी येत नाही. शटरकडे वारा असतो, तिथला माल आधी ओढतो, म्हणजे घट्ट होतो. भिंतीच्या सावलीत मागे राहतो. मिस्त्रीने ओतण्याआधीच मुलाला शेडमध्ये फिरवलं आणि विचारलं, इथे आधी कुठे चढायचं, सांग. मुलाने चुकीचं सांगितलं तेव्हा त्याने दुरुस्त केलं नाही, ओतल्यावर हात लावून बघायला लावलं. हातातल्या थापीचंही तसंच. पहिल्या फेरीला थापी जवळजवळ आडवी, फक्त सपाट करायला. माल जसा घट्ट होतो तशी पुढची कड थोडी थोडी उचलायची. आधीच उचलली की लाटा उठतात आणि त्या पुन्हा बसत नाहीत. आणि आवाज बदलतो, ओल्या मालावर थापी चिकटल्यासारखी ओढते, वेळ आली की कोरडी घासल्याचा बारीक खणखणीत आवाज येतो. हे कुठल्याही वर्गात शिकवता येईल असं मला वाटत नाही. जागेवर, माणसाच्या शेजारी बसूनच ते येतं.

इथेच मला या प्रकरणात जे खरं दुखणं दिसलं ते सांगतो. फिनिशरचं कौशल्य अर्धं वाट बघण्यात आहे आणि आपल्या हजेरीच्या हिशोबात वाट बघायला जागा नाही. माल कधी ओतला यावर फिनिशिंगची वेळ ठरते, पण पैसे सकाळी नऊ ते सहाचे. दुपारी अडीचला माल आला तर काम रात्री नऊ-दहापर्यंत जाणार हे टोळीतल्या प्रत्येकाला माहीत असतं. त्या चार तासांचं कोण देणार, जेवण कुठे, घरी कसं जायचं, हे कुणी आधी ठरवत नाही. मग सहाला सिमेंटचं पोतं फुटतं. त्या दिवशीच्या प्रमुखाला कोरडं सिमेंट टाकू नये हे कळत नव्हतं असं नाही. त्याला विचारलं तर तोही टाकू नये असंच सांगतो. नवशिक्याच्या मनावर मात्र याचा फार वाईट परिणाम होतो. त्याला दिसतं की बसलेल्या माणसाला सगळे रिकामा समजतात आणि घासणाऱ्याला कामाचा. म्हणून तो घासत राहतो. वर्षभर असा घासत राहिलेला पोरगा पुढे दहा वर्षं तसाच घासतो.

मुलापुढे आता तीन वाटा होत्या. गोवा, जिथे हजेरी जास्त पण काम स्लॅब ओतण्याचं आणि माल वाहण्याचं. रस्त्याच्या मोठ्या ठेकेदाराकडे पक्की नोकरी, पण तिथे काँक्रीट पसरून सपाट करायचं काम पेव्हर मशीनने होतं आणि माणूस ब्रश ओढायला नाहीतर पाणी मारायला. आणि ही टोळी, कमी हजेरी, वर नुकताच आलेला ठपका. मामाचं म्हणणं गोव्याला जावं. आईला तो जवळ हवा होता, पण तिने जोर केला नाही.

मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, पहिली दोन वर्षं हजेरीचा आकडा बघू नकोस, कुणाच्या शेजारी बसायला मिळतं ते बघ. हेल्परची हजेरी कुठेही हेल्परचीच राहते. मिस्त्रीची हजेरी आणि त्याहून पुढे चौरस फुटाच्या दराने स्वतः काम घेणं, हे दोन्ही हात तयार झाल्यावरच मिळतं. गोव्यात दोन वर्षं बुट्टी उचलून परत आला असता तर इथे पुन्हा पहिल्यापासूनच सुरुवात होती. पण हेही सांगितलं, की राहायचं तर असं मुकाट्याने राहू नकोस, बोलून घे.

तो मिस्त्रीशी बोलला आणि दोघांनी मिळून ठेकेदाराशी. दोन गोष्टी ठरल्या. दुपारी बारानंतर माल ओतला तर त्या रात्रीची अर्धी हजेरी जादा आणि जेवण ठेकेदाराचं, मग प्रत्यक्ष घासायचं काम तासाचं असो की चार तासांचं. दुसरं, व्हॅक्यूम पंप साइटवर नसेल तर ट्रिमिक्सचा माल ओतायचाच नाही, गाडी सकाळीच फोन करून थांबवायची. पहिल्या अटीला ठेकेदार कुरकुरला. पण मच्छेच्या दुरुस्तीचं बिल ताजं होतं, त्यापुढे अर्ध्या हजेरीचा आकडा फारच लहान दिसत होता.

कागदांचंही काम याच निमित्ताने झालं. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने राज्या-राज्यांत कल्याण मंडळं झाली, त्यांना बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर मिळतो. १८ ते ६० वयाच्या आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केलेल्या कामगाराला नोंदणी करता येते. आपल्या भागातली अडचण अशी की पोरं महिन्यात पंधरा दिवस मच्छेला आणि पंधरा दिवस कागल-हलकर्णीला असतात, आणि मंडळ प्रत्येक राज्याचं वेगळं. मुलाने कर्नाटकातल्या साइटचे दिवस वहीत वेगळे लिहायला सुरुवात केली आणि ठेकेदाराकडून त्याचा दाखला घेतला. कन्नड अर्ज भरायला त्याला मदत लागली नाही, शाळेतलं कन्नड कामी आलं. टोळीतल्या आणखी तिघांचे अर्जही त्यानेच भरून दिले.

सध्या तो हेल्परच आहे. मात्र प्रत्येक ओतकामात एक पट्टा, कडेपासून शेवटच्या थापीपर्यंत, त्याचा. जोड कापायचं मशीनही तो चालवतो. जाडीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याएवढी खोल खाच, म्हणजे दीडशेच्या फ्लोअरला चाळीस ते पन्नास मिलिमीटर, आणि कापताना पात्यावर पाण्याची धार चालू. कोरडं कापलं की उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते आणि परत निघत नाही. त्याने स्वतःच्या पैशाने एक पोलादी थापी आणि एक मॅग्नेशियमचा फ्लोट (माल सपाट करायचं हातातलं अवजार) घेतला आहे. होनग्याच्या कामावर त्याच्या पट्ट्यावर तीन मीटरची पट्टी ठेवून मी फट बघितली. मधल्या भागात मिस्त्रीच्या पट्ट्याइतकीच सपाटी होती, खांबाजवळ अजून थोडा खड्डा राहतो. मिस्त्रीने तो आधीच खडूने खूण करून ठेवला होता.